पळालेल्यांची घोडी

आम्ही रिकिबे. घोड्यावर चढताना पाय जिच्यात घालतात ती रिकीब, तिच्यावरून हे नाव पडलं. ते गावकऱ्यांनी दिलं की आमचं आम्हीच घेतलं, कुणाला सांगता येत नाही. आमच्यात पोर नीट चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसायचं, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नव्हता. बायका कासोटा घालून, पाय दोन्हीकडं टाकून बसायच्या. जळकोटच्या बाजारात आम्ही शिरलो की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि पुरुष मान फिरवायचे. आम्ही सरळ पुढं बघत जायचो.

पावसाळा आमचा बालाघाटाच्या डोंगरात जायचा, कारण गवत तिथं. पाऊस सरला की तुळजापूरच्या अंगानं खाली उतरायचं, जळकोटाकडच्या माळावर तळ टाकायचा. माळेगावच्या जत्रेत शिंगरं विकायची. उन्हाळ्यात भीमेच्या काठाला. भीमेकडचा मुलूख इंग्रजांचा, बाकी सगळी मोगलाई. निजामाच्या राज्याला आमच्याकडं मोगलाईच म्हणत.

आमचं मूळ कुठलं, यावर आमच्यात कधी एकमत झालं नाही. वडिलांना वाटायचं, आपण कुण्या मोठ्या सरदाराच्या पागेतले स्वार असणार. सरदार कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते सांगताना त्यांची पाठ ताठ व्हायची. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, वेगळं सांगायची. माझी आई मी लहान असतानाच गेली. मला आत्यानं वाढवलं, त्यामुळं तिचीच गोष्ट माझ्यात मुरली.

आत्या सांगायची की उत्तरेतनं एका बादशहाची फौज दक्षिणेत आली. फौजेच्या मागं गवत कापणारी, पाणी वाहणारी, घोड्यांची लीद काढणारी माणसं होती. कुणी धरून आणलेली, कुणी विकलेली. त्यांचे मुलूख वेगळे, बोली वेगळ्या, देव वेगळे. लढाई संपता संपेना. एका सकाळी, नदीवर घोडी धुवायला नेली असताना, ही माणसं त्याच घोड्यांवर बसली आणि निघून गेली. बरोबर एक विधवा होती, एक हात तुटलेला शिपाई होता, आणि कुणाचीच नसलेली दोन-तीन पोरं होती. एकमेकांशी बोलायला त्यांच्याकडं भाषा नव्हती. घोड्याला हाक मारायचे आवाज तेवढे सगळ्यांना येत होते. तेच आमचे पूर्वज. आजही आम्ही घोड्याला ज्या हाका मारतो त्या मराठी नाहीत, कानडी नाहीत, उर्दूही नाहीत.

"आमी पळालेल्यांची अवलाद हाय," आत्या म्हणायची. ती हे मान वर करून म्हणायची.

पुढं ती माणसं गोदावरीवर राहिली, मग मांजरेवर, मग भीमेवर. दरेक राजाला त्यांची घोडी हवी असायची. घोडी मागायला माणूस आला की ती उठायची आणि पुढच्या नदीवर जायची. यातनं आमचा एकच कायदा झाला: लढाईला घोडं द्यायचं नाही. लग्नाला द्या, टपालाला द्या, डॉक्टरला द्या, शेतकऱ्याला ओझ्याला द्या. लढाईला नाही.

मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. इंग्रज गेले होते, पण मोगलाई तशीच होती, आणि त्या हिवाळ्यात तिच्यात चांगलंच पेटलं होतं. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरत. धान्य उचलून नेत, कोण नाही म्हणालं तर घर पेटवत. लोक गाड्या जुंपून सोलापूरकडं पळत होते, पण वाटेत गाड्या अडवून लुटत. आम्हाला तोवर कुणी हात लावला नव्हता. लुटावं असं आमच्याकडं घोड्यांशिवाय होतं काय?

त्या भागात एक जहागीरदार होता. त्याची गढी आमच्या तळापासून तास-दोन तासांच्या वाटेवर. एका सकाळी त्याचा कारभारी तळावर आला. चांगला बोलका माणूस. वडिलांनी घोंगडं अंथरलं, आत्यानं दूध दिलं.

"सरकारांचा निरोप आहे," तो म्हणाला. "येत्या बाजाराच्या दिवशी जवान घोडी आणि ती चालवणारे गडी, सगळे गढीवर हजर करा. स्वारांची तुकडी उभी करायची आहे. बदल्यात सरकारांचं कुरण तुम्हाला कायमचं. गवताला मरण नाही."

"स्वार काय करणार?" आत्यानं विचारलं.

"बंदोबस्त."

कुणाचा, तर टोळ्यांना नाही म्हणणाऱ्या गावांचा, हे आम्हा सगळ्यांना समजलं. कारभाऱ्यानं वडिलांकडं वळून आवाज मऊ केला. "सरकार म्हणतात, तुम्ही काही असेतसे लोक नाही. तुमचे पूर्वज तुर्की घोडेस्वार. सरकारांच्या पूर्वजांबरोबरच या मुलखात आले. रक्त एकच."

वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते कुणीतरी त्यांच्या घोंगड्यावर बसून सांगत होतं.

"आमचे पूर्वज गवत कापायचे," आत्या म्हणाली.

कारभारी हसला. "बाई, मान मिळतोय तर घ्यावा."

"मान न्हाय त्यो. लगाम हाय."

तो उठला. जाताना म्हणाला, "बाजाराला घोडी आली नाहीत, तर सरकार न्यायला माणसं पाठवतील." हे त्यानं दुधाचं भांडं खाली ठेवता ठेवता सांगितलं, अगदी सहज.

तो गेल्यावर वडील आत्याला म्हणाले, "अक्का, तुमी बोलूच दिलं न्हाय मला. एकदा तरी कुणी आपल्याला मोटं म्हणालं."

"म्हणू दे की. घोडी न मागता म्हणंल, तवा मी बी ऐकीन."

दुसऱ्या दिवशी जळकोटचे एक आडत व्यापारी आले. लिंगायत घराणं, घरात कानडी बोलायचे. घोड्यांसाठी हरभरा आम्ही त्यांच्याकडंच घ्यायचो, आणि त्यांना अण्णा म्हणत असू. कारभारी येऊन गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"त्यांच्याकडं जाऊ नका," अण्णा म्हणाले. "तुमी रजपूत हाव. जुनी माणसं सांगतात. तुमी आमचेच. घोडी गावाला द्या, आमची पोरं बसतील, टोळ्यांना उत्तर देतील."

आत्या म्हणाली, "अण्णा, परवापत्तूर तुमच्या आडाला आमची घागर चालत नव्हती. रातीत रजपूत झालो व्हय?"

अण्णांनी मान खाली घातली.

"घोडी न्हाय देणार," आत्या म्हणाली. "त्यांना न्हाय, तुमाला बी न्हाय. लढाईला घोडं आमी कुणालाच देत न्हाय."

अण्णा उठले, पण चपलेत पाय घालून तसेच उभे राहिले. जाईनात. आत्यानं विचारलं, "घरात बायापोरं किती हायत?"

तेव्हा तो मोठा माणूस खाली बसला आणि पंच्यात तोंड घालून रडला. घरात दोन सुना, त्यांची पोरं, शेजारच्या बाया. रस्त्यावर गाडी घालायची सोय नाही. कुठं न्यायच्या?

"लढायला घोडी न्हायती," आत्या म्हणाली. "पळायला लागतील तेवढी घ्या."

प्रश्न होता सरहद्दीचा. तामलवाडीच्या पुढं नाका होता आणि नाक्यापलीकडं सोलापूरचा मुलूख. इतकी घोडी, वर इतक्या बाया, कुणाच्या डोळ्यांत आल्याशिवाय कशा जाणार? कुणी म्हणालं, अंधारात जाऊ. आत्या नको म्हणाली. अंधारात घोडी चालवणारा चोर ठरतो, चोरावर गोळी घालतात.

मी भाकरी थापत होते. थापता थापता म्हणाले, "माझी वरात हाय की."

माझं लग्न ठरलं होतं. नवरा आमच्यातलाच, पण सोलापूरच्या बाजूला राहिलेल्या शाखेतला. लग्न चैत्रात भीमेवर व्हायचं होतं. आमच्यात नवरीची वरात निघते. नवरी घोड्यावर बसून नवऱ्याच्या तळावर जाते, तिच्यामागं तिच्या बाजूची सगळी घोडी आणि बाया. जितकी घोडी जास्त तितकी नवरी मानाची.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. वडील म्हणाले, "मूर्त न्हाय, काय न्हाय."

"मूर्त घोड्याला ठाव नसतो," मी म्हणाले. आत्या हसली. त्या हिवाळ्यात ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

बाजाराआधीच्या दोन दुपारी आम्ही गावातल्या बायांना तळामागच्या ओढ्यात बसायला शिकवलं. एकएक करून, सरपण वेचायला निघाल्याचं दाखवून त्या यायच्या. अण्णांची धाकटी सून माझ्याच वयाची, आळंदकडची. घोडीच्या पाठीवर चढली आणि डोळे घट्ट मिटून आयाळ धरून बसली. "अय्यो, अय्यो" एवढंच तोंडातून येत होतं. मी तिला म्हणाले, "डोळं उघड. घोडी बघतीया, तू कशाला बघंना?" गळ्यातलं लिंग तिनं काढायला नकार दिला. मी ते चोळीच्या आत सरकवलं आणि आमच्या बायांचे मणी वरून घातले. पायांच्या टाचा कशा दाबायच्या, ते तिला घोटून घोटून शिकवलं. पाय तिचे मऊ होते, उन्हातान्हात कधी न चाललेले. निघताना त्यांना मी ओढ्याचा चिखल फासला.

निघायच्या सकाळी आत्या चुलीपाशी बसून राहिली. तिची म्हातारी, एका डोळ्यानं आंधळी घोडी शेजारी बांधलेली.

"आत्या, उठा की," मी म्हणाले.

"मी न्हाय येत. तळ रिकामा दिसला की ते दुपारच्या आत तुमाला गाठतील. राहुट्या उभ्या राहू दे. मी चुली पेटत्या ठेवते. लांबनं बघणाऱ्याला माणसं हायत असं वाटंल."

मी म्हणाले, मग मी पण येत नाही. वडील म्हणाले, मी राहतो. आत्यानं दोघांनाही ऐकून घेतलं आणि वडिलांना म्हणाली, "तू बाप हाईस. बापाबिगर वरात व्हत न्हाय." मला म्हणाली, "आणि नवरीबिगर तर न्हाईच व्हत." आणि चुलीत काटकी सारली. तिचं ठरलं होतं.

उजाडल्यावर आम्ही निघालो. मी पुढं, अबलख घोडीवर, हळदीनं माखलेली. मागं आमच्या बाया, त्यांच्यात मिसळलेल्या गावच्या बाया, पोरं पुढ्यात घेतलेली, आणि बाजूनं पायी आमचे गडी. वडिलांनी हलगी स्वतः घेतली. आदल्या दिवशीपर्यंत गप्प असलेला तो माणूस गावोगावच्या शिवारातनं हलगी वाजवत चालला, इतकी जोरात की शेतातली माणसं कामं टाकून बांधावर येऊन बघत. एका ठिकाणी हत्यारबंद गडी झाडाखाली बसले होते. वडील त्यांच्यासमोर थांबून वाजवत राहिले. त्यातला एक जण नाचला सुद्धा. माझ्या पाठीवरनं घाम वाहत होता, पण मी मान खाली घातली नाही. आमच्यात नवरी मान खाली घालत नाही.

तामलवाडीच्या पुढच्या नाक्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नाकेदार बाहेर आला. त्यानं हात वर केला, हलगी थांबली.

"ये क्या है?"

"वरात," मी म्हणाले.

"नवरा कुठाय?"

"पलीकडं. तिकडंच चाललोय."

"नवरी जाते नवऱ्याकडं? घोड्यावर?" तो आपल्या शिपायांकडं बघून हसला. "कोण लोक तुम्ही?"

"रिकिबे."

"कुठले?"

"आज सकाळी जळकोटाकडचे. सांजच्याला सोलापूरकडचे."

त्याला ते आवडलं नाही. तो रांगेतनं चालत मागं गेला. प्रत्येक बाईकडं, प्रत्येक घोड्याकडं बघत. अण्णांच्या सुनेपाशी थांबला. तिची बोटं आयाळीत रुतली होती. तो तिच्या पायांकडं बघत राहिला. चिखल वाळून गळून पडला होता.

"ही तुमच्यातली?"

"माझी बहीण," मी म्हणाले.

"उतर म्हणावं. नाही, थांब. चालवून दाखव."

मला वाटलं, संपलं. मी तिला काही सांगू शकत नव्हते. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. डोळे उघडे ठेवून तिनं टाचा दाबल्या, आणि आमची जी हाक आहे, घोड्याला पुढं जायला सांगायची, ती घशातनं काढली. मी तिला ती शिकवली नव्हती. ओढ्यात आम्हाला ऐकून ऐकून तिनं ती उचलली होती. घोडी दुडकी धरून निघाली, नाक्याच्या आडव्या बांबूपाशी गेली, आणि सून एखाद्या पोत्यासारखी हेलकावत, पण न पडता, वर बसून राहिली.

नाकेदार घोडीमागोमाग बांबूपाशी आला. त्याला कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पायांवरनं कळलं असेल, नाही तर तिच्या बसण्यावरनं. त्यालाही घरी सुना असतील. त्यानं शिपायाला बांबू वर करायला सांगितला आणि आमच्याकडं पाठ करून आत गेला.

बांबूच्या पलीकडं गेल्यावर बाया खाली उतरल्या आणि जमिनीवर बसून राहिल्या. वडील हलगी गळ्यात तशीच ठेवून मोगलाईकडं तोंड करून उभे होते.

नवऱ्याच्या तळावर आम्हाला बघून लगोलग मांडव घातला. मी म्हणाले, आत्या आल्याशिवाय लग्न लागणार नाही. सासरच्या माणसांत कुजबुज झाली. ज्याच्याशी लग्न व्हायचं होतं त्याला मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. तो एका शिंगराच्या खुरातला खडा काढत होता. खाली बघतच म्हणाला, "थांबू की. मांडव काय पळून जातोय?"

आत्या शिमगा झाल्यावर आली. पायी. आयुष्यात जिनं कोसभर वाट कधी पायी तुडवली नव्हती, ती ओढे आणि शेतं धरून, लपतछपत चालत आली होती. तळपाय फाटलेले. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी झालेली, ती शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. तिला गढीवर नेलं होतं. राहुट्या जाळल्या होत्या. म्हातारी घोडीही नेली. तिथून कशी सुटली, बोटांचं काय झालं, ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारलं की ती दुसरं बोलायला लागायची. एवढं मात्र सांगितलं की जहागीरदारानं स्वतः विचारलं, "घोडी कुठं गेली?"

"मग तुमी काय म्हणालात?"

"म्हनलं, घोडीच ती. गेली आसतील कुटंबी."

दुसऱ्या दिवशी आमचं लग्न लागलं. आत्याच्या पायांना हळद लावलेली, आणि माझ्याही.

पुढं मोगलाई संपली. भारताचं लष्कर हैदराबादेत गेलं, जहागीरदार गढी टाकून निघून गेला. आम्ही परत आलो, माझा नवराही बरोबर, आणि थेट त्याच्या कुरणात राहुट्या ठोकल्या. ही कल्पना आत्याची. गवत गुडघ्याच्या वर आलेलं होतं, चारायला कुणी उरलं नव्हतं. गावची माणसं येऊन म्हणाली, हे कुरण आता गावाचं आहे, उठा. आत्या म्हणाली, गावाचं आहे तर आमची घोडीही गावात आहेत, चरू द्या. कचेरीतनं माणूस आला, त्यालाही तेच सांगितलं. दोन पावसाळे आम्ही तिथून हललो नाही.

अण्णा त्या भांडणात कधी पडले नाहीत. बाजारात भेटले तर ओळख दाखवायचे, पण चारचौघांत आपल्या घरच्या बायापोरी त्या वर्षी बैलगाड्यांतनं सोलापूरला गेल्या असं सांगायचे. मी स्वतः ऐकलं. मी तिथंच उभी होते, हरभरा घेत. मी म्हणाले, "गाड्यांचे बैल लई चांगले असतील, अण्णा. नाक्यावर दुडकी धरली त्यांनी." दुकानातली माणसं माझ्याकडं बघायला लागली. अण्णांनी माप भरून दिलं. हरभरा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त भरला.

त्यांची धाकटी सून मात्र कुरणात यायची, उघड, सरळ रस्त्यानं. घोडीवर बसून ओढ्यापर्यंत जायची आणि परत यायची. तिच्या सासूनं एकदा बोलून पाहिलं, मग सोडून दिलं.

आत्या कुरणातच गेली. त्यानंतर आम्हाला उमरग्याच्या बाहेर, सडकेला लागून जागा मिळाली. घोडी कमी होत गेली, कारण घ्यायला कुणी येईना. सडकेवर ट्रक वाढले. आमची पोरं ट्रकवर क्लीनर म्हणून चढली, पुढं ड्रायव्हर झाली. मी माझी घोडी मात्र विकली नाही. माझी थोरली मुलगी सडकेपलीकडच्या शाळेत घोडीवरनं जायला लागली, तेव्हा हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

"मुली अशा येत नाहीत शाळेत," ते म्हणाले. "आणि घोडी आवारात बांधता येणार नाही."

"आवारात न्हाय बांधणार," मी म्हणाले. "सडकेच्या लिंबाखाली बांधंल. सडक सरकारची हाय."

मुलगी त्या लिंबाखाली घोडी बांधून सातवी पास झाली.